विश्रांतीचा नियम पुन्हा पुढे ढकलू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर २०२५च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची विमाने धडाधड रद्द झाली, तेव्हापासून आपल्या वाचकपत्रांच्या सदरात या विषयावर बरेच छापून आले आहे. त्यातल्या बहुतेकांचा राग मला समजतो. पण गेल्या आठवड्यात एका वाचकाने लिहिले, की वैमानिकांना एवढा लठ्ठ पगार मिळतो, मग त्यांचे हे लाड कशाला, आणि विश्रांतीच्या नियमांमुळे लोकांचे हाल होत असतील तर सरकारने ते नियम कायमचे गुंडाळून ठेवावेत. ते पत्र वाचून मात्र गप्प बसवेना.

मी वैमानिक नाही. मुंबईतल्या एका खासगी विमान कंपनीच्या क्रू शेड्युलिंग विभागात अनेक वर्षे काम करून निवृत्त झाले. कोणत्या विमानावर कोण कॅप्टन, कोण फर्स्ट ऑफिसर (एफओ, म्हणजे सहवैमानिक), केबिन क्रूमध्ये कोण, हे ठरवणारा आणि ऐन वेळी गडबड झाली की मध्यरात्री फोन करून माणसे उठवणारा हा विभाग. प्रवाशांना आम्ही कधी दिसत नाही. पण वैमानिक किती झोपला आणि किती जागा होता, याचा अंदाज त्याच्या घरच्यांच्या खालोखाल आम्हाला असतो, कारण रात्री दीड वाजता त्याचा आवाज ऐकणारे आम्हीच असतो.

आधी त्या नियमाबद्दल. हा नियम काही नोव्हेंबरात आभाळातून पडला नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, तो ८ जानेवारी २०२४ रोजी जाहीर केला होता. वैमानिकाची आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास करायची. रात्र म्हणजे १२ ते ५ असे धरले जात होते, ते १२ ते ६ धरायचे. रात्रीत शिरणाऱ्या ड्युटीत पूर्वी सहापर्यंत लँडिंग चालत, ती दोनवर आणायची. अशा ड्युटीत उड्डाण ८ तासांपेक्षा आणि एकूण काम १० तासांपेक्षा जास्त नको. १ जून २०२४ पासून हे लागू व्हायचे होते. विमान कंपन्यांनी इतके वैमानिक कुठून आणायचे म्हणून हरकत घेतली आणि मार्चमध्येच ते लांबणीवर पडले. पुढे वैमानिकांच्या संघटनांनी दिल्ली उच्च न्यायालयात पाठपुरावा केला, तेव्हा दोन टप्पे ठरले. पहिला १ जुलै २०२५ पासून, दुसरा १ नोव्हेंबर २०२५ पासून. रात्रीच्या दोन लँडिंगची अट दुसऱ्या टप्प्यात होती.

म्हणजे कंपन्यांच्या हाती जवळजवळ २२ महिने होते. देशातले साठ टक्क्यांहून जास्त प्रवासी नेणाऱ्या कंपनीने तेवढ्या काळात माणसांचा हिशेब नीट केला नाही. दुसऱ्या टप्प्याचा अंदाज चुकला आणि नियोजनात उणिवा राहिल्या, हे त्या कंपनीने स्वतः डीजीसीएपुढे कबूल केले आहे. तरीही आपल्याकडे मथळे ‘नव्या नियमांमुळे उड्डाणे रद्द’ असेच आले. शेड्युलिंगमध्ये काम केलेल्या कुणालाही हे खटकेल. हिवाळी वेळापत्रक वाढवायचे की नाही, हे ठरवणारे लोक नियम वाचूनच ठरवत असतात. वैमानिक काही आठवड्यात तयार होत नाही. परवाना हातात असलेल्या मुलालाही ठरावीक जातीच्या विमानाचे प्रशिक्षण, सिम्युलेटर, मग अनुभवी कॅप्टनबरोबरची उड्डाणे यात महिने जातात, आणि फर्स्ट ऑफिसरचा कॅप्टन व्हायला वर्षे लागतात. म्हणून तर आधी मुदत दिलेली असते.

आता मूळ मुद्दा. रोस्टरवर, म्हणजे ड्युटीच्या वेळापत्रकावर, लिहिलेली विश्रांती आणि माणसाला मिळालेली झोप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नवा नियम हा फरक थोडासा तरी कमी करतो. म्हणून तो मोडू देता कामा नये.

आमच्या संगणकावर प्रत्येकाच्या नावापुढे पट्टी दिसायची. नियमात बसली की हिरवी, नाही बसली की लाल. पट्टी हिरवी असली की तो माणूस ‘लीगल’. एक उदाहरण देते. मुंबईहून पहाटे ५.४०चे विमान आहे. वैमानिकाला तासभर आधी, म्हणजे ४.४०ला विमानतळावर हजर व्हायचे. तो घोडबंदर रोडला राहतो. वाटेत दुसऱ्या कुणाला घ्यायचे असेल तर गाडी सव्वातीनला दारात येते, म्हणजे गजर अडीचचा. आठ तास झोप हवी तर त्याने संध्याकाळी साडेसहाला अंथरुणावर पडायला हवे. संध्याकाळी साडेसहाला आपल्या घरांत काय चाललेले असते? मुलांचे क्लासेस सुटतात, कुकरच्या शिट्ट्या होतात, खालच्या मजल्यावर टीव्ही लागतो. आणि घर अगदी शांत असले तरी त्या वेळी शरीर झोपायला तयारच नसते. गोळी घेऊन झोपायची तर वैमानिकाला तीही सोय नाही, कोणते औषध चालते आणि कोणते नाही याचे वेगळे नियम आहेत. असा माणूस दहाला डोळे मिटतो आणि अडीचला उठतो. रोस्टरमध्ये मात्र आदल्या दिवशी दुपारपासून त्याची विश्रांती चालू असते आणि पट्टी हिरवीगार असते.

उलट बाजूची ड्युटी याहून वाईट. रात्रभर उडून सकाळी सहाला काम संपले. गाडीने घरी येईपर्यंत साडेसात-आठ. अंघोळ, नाश्ता करून नऊला आडवा झाला. साडेनऊला वरच्या फ्लॅटमध्ये ड्रिलिंग सुरू. दहाला कुरियरवाला. मग भंगारवाला. मुलगी शाळेतून आली की दार वाजवणारच, तिला बाबा चार दिवसांत भेटलेला नसतो. दोन ड्युट्यांच्या मधली विश्रांती किमान १२ तासांची असते, ती त्याच संध्याकाळी भरते, आणि तो पुन्हा ‘लीगल’ होतो. घरापासून विमानतळापर्यंतच्या प्रवासाचा वेळ ड्युटीत धरत नाहीत. मुंबईत तो वेळ किती असतो हे मी आपल्या वाचकांना सांगायला नको.

रात्र ५ ऐवजी ६ला संपते असे ठरवल्याने काय फरक पडला, असे लोक विचारतात. पहाटे २ ते ६ या वेळात माणसाचे शरीर सगळ्यात मंद असते. शरीराचे तापमान उतरलेले असते, डोळा लागतो, हिशेब चुकतो. रात्रपाळी केलेल्या कुणालाही, मग तो गिरणीतला असो वा इस्पितळातला, हे सांगावे लागत नाही. विमानाच्या नियमांत या वेळेला स्वतंत्र नावच आहे. जुनी रात्र पाचला संपत होती, म्हणजे या मंद काळातला शेवटचा तास ‘दिवस’ म्हणून मोजला जायचा. नेमक्या त्याच तासात गल्फहून आणि उत्तरेकडून आलेली विमाने खाली उतरत असतात.

आणि लँडिंग दोनच का? माझा भाचा एअरबस चालवतो. कोणत्या कंपनीत ते सांगत नाही. मी त्याला एकदा विचारले, की रात्री तीन-चार सेक्टर, म्हणजे तीन-चार उड्डाणे, केले की नेमके काय होते. तो म्हणाला, “मावशी, वर गेल्यावर काही वाटत नाही. खाली येताना कळतं. एटीसीनं दिलेला आकडा मी लिहून घेतो, परत वाचून दाखवतो आणि दोन मिनिटांनी शेजारच्याला विचारतो, किती म्हणाले रे?” एटीसी म्हणजे जमिनीवरून सूचना देणारे हवाई वाहतूक नियंत्रण. विमान उंचावर असताना काम तुलनेने कमी असते. उतरण सुरू झाली की उंची, वेग, वारा, धावपट्टी, इंधन, दुसरी विमाने असे सगळे एकदम येते. मुंबई-कोलकाता-गुवाहाटी-कोलकाता असे रात्रभर फिरणाऱ्याला हे प्रत्येक वेळी नव्याने करावे लागते, आणि तिसरे लँडिंग पहाटे पाचला येते. नियमाने एवढेच म्हटले आहे, की हे दोनदाच करायला लावा.

हे सगळे माझे घरगुती निरीक्षण वाटत असेल तर मंगळूर आठवा. २२ मे २०१०. दुबईहून मंगळूरला आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान पहाटे सहाच्या सुमारास डोंगरमाथ्यावरच्या ‘टेबलटॉप’ धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळले. १५८ माणसे गेली, ८ वाचली. चौकशी आपल्या पुण्याचे एअर मार्शल भूषण गोखले (निवृत्त) यांच्या अध्यक्षतेखाली झाली. कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणात कॅप्टनच्या घोरण्याचा आवाज होता. प्रवासातला बराच काळ तो झोपलेला होता. उतरण्याच्या थोडेच आधी जागा झाला. विमान जास्त उंचीवर होते, जास्त वेगात होते. फर्स्ट ऑफिसरने ‘गो अराउंड’, म्हणजे न उतरता पुन्हा वर घ्या, असे तीन वेळा सांगितले, विमानातली धोक्याची सूचनाही वाजत होती, तरी त्याने उतरवण्याचा हट्ट सोडला नाही. अहवालात म्हटले आहे, की झोपेतून नुकतेच उठल्यावर डोके जे जड असते त्याचा त्याच्या निर्णयावर परिणाम झाला असावा आणि पहाटेच्या त्या मंद वेळेने तो वाढला असावा. त्याच अहवालातले आणखी एक निरीक्षण मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते. उड्डाणापूर्वी त्या कॅप्टनला पुरेशी विश्रांती उपलब्ध होती, असेही त्यात नमूद आहे. म्हणजे कुठल्यातरी शेड्युलिंग विभागाच्या पडद्यावर त्याचीही पट्टी हिरवीच असणार.

जगभर हीच गत आहे. जानेवारी २०२४ मध्ये इंडोनेशियात केंदारीहून जकार्ताला निघालेल्या बाटिक एअरच्या विमानात दोन्ही वैमानिक एकाच वेळी झोपले, २८ मिनिटे. विमान मार्गावरून भरकटले, सुदैवाने सुखरूप उतरले. सहवैमानिकाच्या घरी महिनाभराची जुळी बाळे होती आणि तो रात्री बायकोबरोबर उठत होता. ही गोष्ट कुठल्या रोस्टरमध्ये दिसणार? अमेरिकेत २००९ मध्ये बफेलोजवळ विमान कोसळून ५० जण गेले. त्यातली सहवैमानिक रात्रभर देश ओलांडून कामाच्या ठिकाणी पोहोचली होती आणि क्रू रूममध्येच टेकली होती. त्यानंतर मृतांच्या नातेवाइकांनी वॉशिंग्टनमध्ये ठाण मांडले, म्हणून २०१४ पासून तिथे १० तासांची विश्रांती आणि त्यात सलग आठ तास झोपेची संधी हा नियम आला. आपल्याकडे हा नवा नियम आणखी एका अपघाताची वाट न पाहता आला होता. तो पाळण्याची वेळ आली तर आपण म्हणतो, गुंडाळा.

आणखी एक गोष्ट सांगते, जी बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. आपल्याकडे उड्डाणापूर्वी वैमानिकाला श्वास तपासणीच्या यंत्रात फुंकावे लागते. मद्याचा अंश जरी निघाला तरी त्याला विमानात पाऊल टाकू देत नाहीत, परवाना निलंबित होतो. हे योग्यच आहे, याबद्दल कुणाचे दुमत नाही. आता १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी ‘नेचर’मध्ये काय दाखवले ते पाहा. सलग १७ तास जागा राहिलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकाच चुकतो, आणि २४ तास जागा असेल तर ०.१० टक्के असल्यासारखा. झोप अपुरी आहे हे दाखवणारे असे यंत्र मात्र कुणी आणलेले नाही. त्या यंत्राची जागा विश्रांतीच्या नियमाने भरून काढायची असते. दारूच्या चाचणीत कुणी कंपनीला दोन महिन्यांची सवलत मागितली तर आपण देऊ का?

आता फोनबद्दल लिहिते, कारण माझे आयुष्य त्यातच गेले. धुक्याने दिल्ली बंद झाली, विमान जयपूरला किंवा नागपूरला वळवले, तासन् तास उभे राहिले आणि क्रूची ड्युटीची मर्यादा संपत आली, की शेड्युलिंगमधून कॅप्टनला फोन जातो. “सर, डिस्क्रिशन घेणार का?” अनपेक्षित अडचणीत ड्युटी काही तासांनी वाढवण्याची मुभा नियमात आहे, आणि ती घ्यायची की नाही हे कॅप्टनने ठरवायचे असते. कागदावर हे त्याच्या मर्जीवर आहे. पण फोनच्या या बाजूला माझ्या मागे ड्युटी मॅनेजर उभा असायचा, आणि त्या बाजूला कॅप्टनच्या मागे दीडशे-पावणेदोनशे माणसे मोबाइल उगारून उभी असायची. मी कित्येक कॅप्टनांचे ‘हो’ ऐकले आहे आणि ते म्हणण्याआधीची शांतताही. जे ‘नाही’ म्हणत ते आवाज चढवून म्हणत नसत. “मॅडम, मी आणि माझा एफओ दोघंही थकलोय. नाही घेणार.” एवढेच. मला त्यांच्याबद्दल तेव्हाही आदर वाटायचा, आजही वाटतो. दुसऱ्या दिवशी त्यांना ऑफिसात बोलावून ‘बाकीचे तर घेतात’ असे ऐकवले जाई.

जून २०२३ मध्ये एअर इंडियाचे लंडन-दिल्ली विमान खराब हवेमुळे जयपूरला उतरले, तिथे ड्युटीची वेळ संपली म्हणून वैमानिक पुढे गेले नाहीत, आणि समाजमाध्यमांवर त्यांना काय काय बोलले गेले. ‘पायलट उतरून निघून गेला’! तो निघून गेला नव्हता. रात्रभर लंडनहून विमान चालवत आलेला माणूस ड्युटीची वेळ संपल्यावर आणखी एका उड्डाणाला नाही म्हणाला.

आणि जळगाव. ६ जून २०२५चा प्रसंग आपल्या सगळ्या वर्तमानपत्रांत आला होता. उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे संत मुक्ताईंच्या पालखी सोहळ्यासाठी मुक्ताईनगरला गेले होते. उशीर झाला, रात्री जळगाव विमानतळावर आले, तर वैमानिकाने ड्युटीची वेळ संपल्याचे आणि तब्येतीचे कारण सांगून उड्डाणाला नकार दिला. मग मंत्र्यांनी त्याची समजूत काढली, कंपनीशी बोलणे झाले, पाऊण तासाने विमान उडाले. त्याच विमानातून मूत्रपिंडाच्या शस्त्रक्रियेसाठी मुंबईला निघालेल्या, विमान चुकलेल्या एका भगिनीलाही नेण्यात आले. ती सुखरूप पोहोचली याचा मला मनापासून आनंद आहे. त्या वैमानिकाने नियम मोडला असे मी म्हणत नाही, परवानगी आणि मुदतवाढीच्या वाटा असतात. पण बातमी सगळीकडे कशी आली ते आठवा. कुणी गंमत म्हणून, कुणी देवदूत म्हणून. रात्रीच्या वेळी, बरे वाटत नसलेल्या माणसाची पाऊण तास समजूत काढून त्याला विमानात बसवणे ही काळजी करण्यासारखी गोष्ट आहे, असे मला एकाही बातमीत ठळकपणे वाचायला मिळाले नाही. राज्याचे उपमुख्यमंत्री ज्या विमानात आहेत, त्याचा वैमानिक ‘आज नको’ म्हणाला तर सगळ्यात आधी त्यांच्या सोबतच्यांनी म्हणायला हवे होते, बरं, रस्त्याने जाऊ, किंवा इथेच मुक्काम करू.

समजूत काढणे हा आपल्याकडचा मोठा रोग आहे. ‘करून टाका हो साहेब, एवढं एक’. ज्याच्याकडे ‘नाही’ म्हणायचा हक्क आहे, त्याला आपण ते म्हणूच देत नाही.

‘मी थकलो आहे’ असे लेखी कळवण्याची सोयही नियमात आहे. तिला फटिग रिपोर्ट म्हणतात, आणि तो दिल्याबद्दल शिक्षा करू नये असे अपेक्षित आहे. मी जिथे होते तिथे असा फोन आला, की आमच्या वरिष्ठांचा पहिला प्रश्न असायचा, “सिक टाकू का त्याला?” कारण आजारी म्हटले की एक रजा कमी झाली आणि विषय संपला. थकवा म्हटले की रोस्टर तपासावे लागते, कुणी बनवले ते विचारावे लागते, उत्तर लिहावे लागते. वैमानिकही हे ओळखून होते. तेही सरळ “पोट बिघडलंय” म्हणायचे. त्यांच्या पगाराचा मोठा हिस्सा उड्डाणाच्या तासांवर असतो, म्हणून पुष्कळ जण तेही म्हणायचे नाहीत आणि यायचे. अशाने कागदोपत्री थकवा कधी दिसतच नाही, आणि मग कुणीतरी उभा राहून विचारतो, तक्रारी कुठे आहेत? २०२४च्या नियमात कंपन्यांनी दर तिमाहीला थकव्याच्या तक्रारींचा आणि त्यांवर काय केले याचा अहवाल डीजीसीएला द्यावा असे कलम आहे. मला विचाराल तर सगळ्या नियमात हेच सगळ्यात मोलाचे आहे.

ऑगस्ट २०२३ मध्ये नागपूर विमानतळावर पुण्याला जाणाऱ्या विमानाच्या बोर्डिंग गेटपाशी इंडिगोचा एक वैमानिक कोसळला आणि गेला. चाळिशीतला होता. आदल्या दिवशी पहाटे ३ ते ७ तो तिरुवनंतपुरम-पुणे-नागपूर असा उडाला होता, आणि नंतर त्याला २७ तासांची विश्रांती होती, असे कंपनीने सांगितले. त्याचा मृत्यू थकव्याने झाला असे कुणी सिद्ध केलेले नाही आणि मीही तसे म्हणणार नाही. पण ती बातमी आली त्या दिवशी माझ्या जुन्या सहकाऱ्यांचे एकमेकींना फोन सुरू होते. आम्हा सगळ्यांच्या मनात तेच चेहरे येत होते, पहाटे चारला गाडीतून उतरणारे.

केबिन क्रूबद्दल तर डिसेंबरच्या साऱ्या चर्चेत कुणी ब्रही काढला नाही. त्याच गाडीतून, त्याच पहाटे, त्याही येतात. पूर्ण प्रवास उभ्याने. आग लागली तर ९० सेकंदांत विमान रिकामे करता यावे, हा विमानाच्या रचनेचा निकष आहे, आणि दारे उघडून माणसे ढकलत बाहेर काढणाऱ्या याच मुली आणि मुले असतात. वैमानिकाला जे लागू, त्याचा विचार त्यांच्यासाठीही व्हायला हवा. क्रूच्या गाड्या चालवणाऱ्यांचेही तेच. दोन-दोन पाळ्या करणारे चालक मी पाहिले आहेत. पूर्व द्रुतगती मार्गावर पहाटे चालकाला जागे ठेवण्यासाठी वैमानिक गप्पा मारत बसतात, हे भाचा सांगतो.

डिसेंबरात अडकलेल्या प्रवाशांचे दुःख मी कमी लेखत नाही. मुंबई विमानतळावर बॅगांचे ढीग पडले होते. लग्ने, परीक्षा, मुलाखती, अंत्यविधी हुकले. लोकांना खरे कारण सांगितले गेले नाही, खायला-प्यायला मिळाले नाही, बाकीच्या तिकिटांचे भाव इतके चढले की सरकारला मर्यादा घालावी लागली. भरपाई मिळालीच पाहिजे. पण ५ डिसेंबरला, सगळ्यात वाईट दिवशी, सरकारने मार्ग काढला तो वैमानिकांच्या झोपेतून. इंडिगोला रात्रीच्या व्याख्येतून आणि दोन लँडिंगच्या मर्यादेतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. शिवाय रजा ही साप्ताहिक विश्रांतीच्या जागी धरता येणार नाही, हे कलम सगळ्याच कंपन्यांसाठी मागे घेतले. या दुसऱ्या गोष्टीकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. तिचा अर्थ असा, की एखाद्याने बहिणीच्या लग्नासाठी दोन दिवस रजा काढली, कोल्हापूरला गेला, मांडवात राबला, रात्रीच्या बसने परत आला, तर ते दोन दिवस त्याची आठवड्याची विश्रांती म्हणून मोजता येतील. कोणत्या अर्थाने ती विश्रांती?

ज्या कंपनीचे नियोजन चुकले तिला सवलत मिळाली, ही बाकीच्या कंपन्यांनाही शिकवण आहे. ज्यांनी वेळेत भरती केली, उड्डाणे कमी ठेवली, ते मूर्ख ठरले. पुढच्या वेळी कुणी भरती करील असे मला वाटत नाही. वेळापत्रक फुगवायचे, मोडू द्यायचे, प्रवासी रस्त्यावर आले की नियम शिथिल होतो.

म्हणून माझे म्हणणे इतकेच आहे. १० फेब्रुवारीनंतर ही सूट एक दिवसही वाढवू नये. तोपर्यंत माणसे भरता आली नाहीत तर उड्डाणे कमी करावीत. सरकारने इंडिगोचे वेळापत्रक १० टक्क्यांनी कमी करायला लावलेच आहे, म्हणजे ते करता येते. रजेबद्दलचे कलम पुन्हा आणावे. थकव्याच्या तिमाही अहवालांचा गोषवारा कंपनीवार, नावे न घेता, जनतेपुढे ठेवावा: किती तक्रारी आल्या, किती मान्य झाल्या, त्यापायी कोणत्या मार्गाचे रोस्टर बदलले. ज्या कंपनीत एकही तक्रार नाही, तिथे तपासणीला आधी जावे. आणि डिस्क्रिशन नाकारणाऱ्या कॅप्टनला दुसऱ्या दिवशी कुणी जाब विचारला, तर जाब विचारणाऱ्यावर कारवाई व्हावी.

ज्या वाचकाने ‘लाड’ म्हटले, त्यांना एक विनंती. पुढच्या वेळी पहाटेच्या विमानात बसताना दारातल्या क्रूकडे नीट बघा आणि उशीर झाला, वैमानिक बदलावा लागतोय अशी घोषणा झाली, तर ओरडू नका, दुसऱ्यांनाही ओरडू देऊ नका. तिकिटाचा आणि वेळेचा जाब कंपनीच्या काउंटरवर जरूर विचारा. तिथे मीही तुमच्या बाजूने उभी राहीन.

संपादक महोदय, १० फेब्रुवारी ही तारीख आपल्या वार्ताहरांनी डायरीत लिहून ठेवावी. त्या दिवशी डीजीसीए काय आदेश काढते, सूट संपते की आणखी कुठल्या नावाने चालू राहते, हे विचारून आपण पहिल्या पानावर छापावे. भाचा याच क्षेत्रात असल्याने माझे नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त क्रू शेड्युलर,
मुलुंड (पूर्व), मुंबई